एक फादर, एक गाव आणि भोवती उगवलेल्या खाणी: लाँसची दहा वर्षं (1843 ते 1853)

उत्तर अमेरिकेतल्या लेक सुपीरियर या अवाढव्य तलावावरची शेवटची बोट साधारण नोव्हेंबरात निघून गेली की पुढची थेट मे महिन्यात. मधले सहा महिने सगळं बंद. पीठ, मेणबत्त्या, खिळे, मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या रोजच्या मुख्य उपासनेला, लागणारी वाइन, कागद, शाई, जे काय यायचं ते त्याआधी आलं तर आलं, नाहीतर बसा बोंबलत. टपाल म्हणजे कोणीतरी चालत नाहीतर कुत्र्यांची गाडी घेऊन ग्रीन बेकडून जंगल तुडवत आणणार, तेही फक्त पत्रं. आपल्याकडे पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद होतो आणि पलीकडची गावं तुटतात ना, तसंच काहीसं, फक्त इथे दरड सहा महिने जागची हलत नाही.

अशा ठिकाणी 24 ऑक्टोबर 1843 ला, म्हणजे हिवाळा अगदी तोंडावर असताना, सेहेचाळीस वर्षांचा एक बुटका स्लोव्हेनियन फादर कायमचा राहायला आला. फ्रेडरिक बरागा. जागा म्हणजे मिशिगनच्या वरच्या द्वीपकल्पातली कीविनॉ बे ही खाडी, गाव लाँस. तिथे तो दहा वर्षं राहिला आणि त्याच दहा वर्षांत त्या भागाचा पार चेहरामोहरा बदलून गेला. तो आला ते ओजिब्वे या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या एका वस्तीसाठी. दोन-तीन वर्षांतच आजूबाजूला तांब्याच्या खाणी निघाल्या आणि हा एकटा माणूस दोन्हीकडे पुरा पडायला बघत राहिला. प्रकरण एवढंच आहे. फ्रंटियरवरचा, म्हणजे गोऱ्यांच्या वस्तीच्या सीमेवरचा, कॅथलिक मिशनरी म्हटलं की लोक एकतर डोळे मिटून हात जोडतात नाहीतर गोऱ्यांचा हस्तक म्हणून मोकळे होतात, आणि दोन्ही पक्षांना त्याचा मंगळवार कसा जायचा याच्याशी काही घेणंदेणं नसतं. मला त्यातच रस आहे. माझ्या मते या माणसाची खरी टंचाई वेळेची होती, आणि त्याने घेतलेले बरेचसे बरेवाईट निर्णय त्या टंचाईतून आलेत.

आधी माणूस, थोडक्यात

जन्म 29 जून 1797, आजच्या स्लोव्हेनियात, तेव्हाच्या ऑस्ट्रियन साम्राज्यात. घर खाऊनपिऊन सुखी, जमीनजुमला होता. आईबाप लवकर गेले. व्हिएन्नाला कायदा शिकला, 1821 ला पदवी घेतली, लग्नही ठरलेलं होतं, ते मोडलं आणि सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, गेला, 1823 ला धर्मगुरू झाला, वारशाची मालमत्ता बहिणीच्या नावावर केली. कायद्याची पदवी लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

1829 मध्ये व्हिएन्नात लिओपोल्डाइन नावाची संस्था निघाली, अमेरिकेतल्या कॅथलिक मिशनांना पैसे पुरवण्यासाठी. 1830 च्या शेवटच्या दिवशी बरागा न्यूयॉर्कला उतरला, 1831 च्या मे महिन्यात लेक मिशिगनकाठच्या आर्ब्र क्रोशला ओडावा या मूळ रहिवासी लोकांत पोचला आणि वर्षभरात त्यांच्या भाषेत प्रार्थनापुस्तक छापून मोकळा झाला. मग ग्रँड रिव्हर नदीकाठची वस्ती. तिथे दारू विकणाऱ्या व्यापाऱ्यांशी जुंपली, दारू प्यायलेली माणसं रात्री घराभोवती धिंगाणा घालायची, आणि त्याच सुमारास त्याने जन्मभर दारूला न शिवण्याचं व्रत घेतलं असं सांगतात. तिथलं मिशन काही धड उभं राहिलं नाही. 1835 ला लेक सुपीरियरमधल्या मॅडलिन बेटावर, ला पॉइंटला गेला. तिथे आठ वर्षं. 1837 मध्ये बहीण अँटोनिया मदतीला आली होती, पण तिला तिथलं हवामान आणि आयुष्य झेपलं नाही, दोनेक वर्षांत तिथून निघून गेली.

लाँसला त्याला बोलावलं ते पीटर क्रेबासा नावाच्या फरच्या व्यापाऱ्याने. हा अमेरिकन फर कंपनीचा तिथला माणूस. पत्रावर पत्रं टाकली, शेवटी 1843 च्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला बरागा बघायला आला, क्रेबासाच्याच घरात मिस्सा केली, काही बाप्तिस्मे दिले, लोकांचा कल बघितला आणि ऑक्टोबरात बाडबिस्तरा घेऊन परतला.

दिवस कसा जायचा

उन्हाळ्यात पहाटे तीन, हिवाळ्यात चार, ही त्याची उठायची वेळ, आणि उठल्यावर बराच वेळ, तीन-तीन तास, प्रार्थना. हे वाचून लोक लगेच "काय ती तपश्चर्या" म्हणतात. असेलही. पण त्या गावात एकदा उजाडलं की दिवस त्याचा नव्हता. सकाळी मिस्सा, मग मुलांची शाळा, मधे कोणी आजारी, कोणाचं भांडण, कोणाला पत्र लिहून हवंय, कोणाला व्यापाऱ्याच्या वहीतला हिशोब तपासून हवाय, शिवाय सुतार आला तर त्याच्या डोक्यावर उभं राहायचं, संध्याकाळी परत चर्चमध्ये प्रार्थना आणि धर्मशिक्षण, आणि घराला दार असलं तरी लोक आत यायला कुणाला विचारत नाहीत. दारावर कोणी येत नाही अशी वेळ एकच, पहाटेची.

ब्रेव्हियरी वेगळीच. कॅथलिक धर्मगुरूला रोज लॅटिनमधली ठरलेली प्रार्थना म्हणावीच लागते, त्यात सूट नाही, सगळी मिळून तासभर सहज जातो. हे पुस्तक चार खंडांत असतं, ऋतूप्रमाणे. हिवाळ्यातल्या लांबच्या फेरीवर निघताना एकच खंड झोळीत टाकायचा आणि फेरी ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळाच्या आसपास असेल तर पुढचाही घ्यायचा, म्हणजे अजून एका पुस्तकाचं ओझं. जंगलात दिवस चार-साडेचारला मावळायला लागतो, मेणबत्त्या मोजक्या, म्हणून उजेड आहे तोवर वाचून घ्यायचं, नाहीतर रात्री शेकोटीशी डोळे फोडायचे.

जेवण म्हणजे मासे आणि बटाटे, त्यातही मासे जास्त. व्हाइटफिश आणि ट्राउट ही तिथली भाजीभाकरी. गंमत अशी की चर्चच्या उपवासात मांस वर्ज्य आणि मासे चालतात, त्यामुळे उपवास आणि बिनउपवास यात ताटात फरक फारसा नाहीच. वसंतात मेपलची साखर. पीठ, चहा असल्या गोष्टी बोटीने येणाऱ्या, म्हणजे जपून.

आता मिस्सेचं. हिवाळ्यातल्या पाद्र्याच्या कामाचा खरा अंदाज मला यातून आला. त्या काळचा नियम असा की मध्यरात्रीपासून मिस्सेपर्यंत तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही. मिस्सा दुपारच्या आत व्हायला हवी. खरी द्राक्षाची वाइन हवी, गव्हाची भाकर हवी, मेणबत्त्या हव्यात, आणि संतांचे अवशेष बसवलेला अभिषेक केलेला एक सपाट दगड हवा ज्याच्यावर पेला ठेवायचा. दगड! बर्फातून पायी निघालेल्या माणसाच्या पाठीवर रोजच्या सामानात एक दगड. त्यावर पेला, वस्त्रं, मरणाऱ्याला लावायच्या तेलाची डबी, ब्रेव्हियरी, ब्लँकेट, थोडं खाणं.

आणि वाइन गोठते. ही काही फ्रंटियरवरच्या लोकांची विशेष अडचण नव्हती, युरोपातल्या थंड चर्चांमध्येही व्हायची, म्हणून रोमन मिस्सल या मिस्सेच्या अधिकृत पुस्तकाच्या नियमांतच उपाय लिहून ठेवलाय: हिवाळ्यात पेल्यातलं गोठलं तर पेल्याला गरम केलेली फडकी गुंडाळावीत, तेवढ्याने नाही झालं तर वेदीजवळ उकळत्या पाण्यात पेला धरावा, मात्र पाणी आत जाऊ देऊ नये. रोममध्ये बसून कोणीतरी हे शांतपणे लिहिलंय. लाँससारख्या ठिकाणी याचा अर्थ असा की कोणाच्या तरी लाकडी खोलीत मिस्सा चाललीय, बाहेर उणे वीस, फादर आदल्या रात्रीपासून उपाशी आणि तहानलेला, आणि चुलीवर पाण्याचं भांडं तयार ठेवलेलं बरं.

चालणं

बरागाला पुढे "स्नोशूवाला फादर" हे नाव पडलं ते उगाच नाही. कीविनॉवर लेक सुपीरियरची वाफ उचलून आणणारा वारा बर्फ ओततो, वर्षाला पाच-सहा मीटर म्हणजे नेहमीचंच. घोडा चालत नाही, गाडी चालत नाही. स्नोशू म्हणजे लाकडाची, बहुतेक ॲशची, वाकवून केलेली चौकट आणि त्यात कच्च्या कातड्याच्या वादीची जाळी. पायाला बांधायचं आणि पाय फाकवून, उचलून, पुढे टाकायचं. सवय नसलेल्याच्या घोट्यापासून नडगीपर्यंतच्या शिरा सुजतात, फ्रेंच कॅनेडियन लोकांत तर या दुखण्याला वेगळं नावच आहे. बर्फ घट्ट असलं तर दिवसाला वीस-पंचवीस मैल होतात, ताज्या भुसभुशीत बर्फात त्याच्या निम्म्याने सुद्धा वाट लागते.

एकटा तो क्वचितच जायचा, आणि पवित्र चरित्रांतून नेमकं हेच गळून जातं. सोबत ओजिब्वे किंवा मिश्र वंशाचा वाटाड्या असायचा. पुढे तो चालायचा, बर्फ तोच फोडायचा, फादर त्याच्या ठशांवरून. रात्र झाली की स्नोशूनेच फावड्यासारखं बर्फ उपसून खड्डा करायचा, देवदारासारख्या झाडांच्या डहाळ्या अंथरायच्या, शेकोटी पेटवायची आणि एका अंगाने भाजत दुसऱ्या अंगाने गोठत झोपायचं. उघड्यावर. बरागाने युरोपात पाठवलेल्या पत्रांत अशा रात्रींचं वर्णन केलंय. स्नोशू ओजिब्वेंचे, वाट ओजिब्वेंची, कुठल्या बर्फावर पाय ठेवायचा आणि कुठल्या नाही ही अक्कल ओजिब्वेंची. व्हिएन्नाच्या पदवीधराला हे सगळं त्यांच्याकडूनच शिकावं लागलं.

उन्हाळा सोपा वाटतो पण तोही काही खायचं काम नव्हतं. 1846 मध्ये लुई गॉडिन नावाच्या सोबत्याबरोबर छोट्या होडीतून तो लेक सुपीरियर आडवा पार करून उत्तर किनाऱ्याला गेला, मधे वादळ, लाटा, आणि शेवटी एका नदीच्या मुखातून होडी सुखरूप आत शिरली. आभार म्हणून त्याने तिथे लाकडी क्रूस उभा केला. आजही मिनेसोटात श्रोडरजवळ त्या जागी दगडी क्रूस आहे आणि नदीचं नाव क्रॉस रिव्हर. गोष्टीत नंतरच्या लोकांनी तिखटमीठ लावलंय हे उघड दिसतं, पण असल्या होडीतून सुपीरियर ओलांडणं म्हणजे काय हे त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याला विचारा.

गाव

क्रेबासाचं घर खाडीच्या एका बाजूला, बरागाने मिशन उभारलं दुसऱ्या, पश्चिम बाजूला. आज त्या वस्तीला असिनिन्स म्हणतात, तिथल्या प्रमुखाच्या नावावरून, त्याला बरागानेच बाप्तिस्मा दिला होता. चर्च, शाळा, आणि कुटुंबांसाठी ओळीने लाकडी घरं. पैसा मुख्यतः लिओपोल्डाइनचा. खाडीपलीकडे समोरच मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचं मिशन, ते आधीपासूनचं. हिवाळ्यात खाडी गोठली की दोन्ही मिशनांत चालत जाता येतं. दोघांत माणसांसाठी चुरस होतीच, लपवायचं काय त्यात, पण तिथल्या जॉन पिटेझल या मेथडिस्ट पाद्र्याने आपल्या आठवणींत बरागाबद्दल आदरानेच लिहिलंय, त्याची साधी राहणी आणि वागणूक बघून. विरोधी गोटातून आलेलं असल्यामुळे या शिफारसीला मी जास्त वजन देतो.

कारण बरागाच्या स्वतःच्या पत्रांचं एक आहे, ती देणगीदारांना लिहिलेली होती. व्हिएन्नात ती छापली जायची आणि ती वाचून लोक पैसे द्यायचे. म्हणून "किती आनंदाने लोक प्रभूकडे येत आहेत" छापाची वाक्यं जरा हातचं राखून वाचावीत. 1852 पासूनची त्याची डायरी त्यामानाने कोरडी आणि म्हणून खरी. हवा कशी, वारा कुठला, कुठली बोट आली, कुठली आलीच नाही, कोणाचं पत्र, मधेच जर्मन मधेच इंग्रजी मधेच फ्रेंच. आध्यात्मिक काही शोधायला गेलात तर हवामानखात्याची नोंदवही हाती लागते.

आता गावातला खरा पेच. चर्चचं वर्ष आणि ओजिब्वेंचं वर्ष जुळत नव्हतं. मार्च-एप्रिलमध्ये सगळी कुटुंबं मेपलचा रस काढून साखर करायला जंगलात जातात, नेमका तेव्हा ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ. शरदात मासेमारीचे आठवडे, जाळी टाकायची, मासे सुकवायचे, खारवायचे, ते चुकलं तर हिवाळ्यात उपाशी. मग हिवाळ्यात शिकार. शिवाय जमीन सरकारला देण्याच्या 1842 च्या कराराचे सरकारी पैसे ला पॉइंटला वाटले जायचे, ते घ्यायला लाँसचे लोक एवढा प्रवास करून जाणार. म्हणजे चर्च बांधलं, घंटा लावली, पण माणसं वर्षातला मोठा काळ गावाबाहेर.

बऱ्याच मिशनऱ्यांनी यावर एकच तोडगा काढला: लोकांना शेती करायला लावा, म्हणजे ते हलणार नाहीत. बरागानेही घरं, बटाट्याची शेतं हे केलंच आणि त्यात "आमच्यासारखे राहा" हा आग्रह होताच. पण तो दुसरंही करत राहिला, लोक जिथे गेले तिथे स्वतः गेला. आणि मला वाटतं पुस्तकं लिहिण्याचा त्याचा सपाटा यातूनच समजतो. प्रार्थना, भजनं, बायबलमधल्या गोष्टी लोकांच्या भाषेत छापून हातात दिल्या, वाचायला शिकवलं, की साखरेच्या तळावर रविवारी फादर नसला तरी एखादी बाई पुस्तक उघडून सगळ्यांकडून म्हणवून घेते. स्वतःला अनेक ठिकाणी हजर ठेवायची ही एकच युक्ती त्याच्याकडे होती.

व्याकरण आणि शब्दकोश मात्र ओजिब्वेंसाठी नव्हते, पुढच्या पाद्र्यांसाठी होते. व्याकरण 1850 ला डेट्रॉइटला छापलं, साडेपाचशेहून जास्त पानं. शब्दकोश 1853 ला सिनसिनाटीला, साडेसहाशेहून जास्त. ही भाषा क्रियापदांवर चालते, कर्ता कोण, कर्म सजीव की निर्जीव, कोण कोणाला, यावर एकेका क्रियापदाची शेकडो रूपं होतात, आणि ती सगळी कोष्टकं या माणसाने लाँसच्या हिवाळ्यात, शाळा आणि आजारी माणसं आणि फेऱ्या सांभाळून भरलीत. कधी? तर परत तेच उत्तर, माणसं उठायच्या आधी किंवा झोपल्यावर. आणि सांगणारे कोण, तर गावातलीच माणसं, वर्षानुवर्षं त्याचे प्रश्न ऐकून घेणारी. पुस्तकावर नाव अर्थात त्याचं एकट्याचं.

खाणी

1842 च्या ला पॉइंट करारात ओजिब्वेंनी या किनाऱ्याची जमीन अमेरिकन सरकारला दिली आणि त्यामागचं कारण तांबं होतं. 1843 पासून लोक घुसायला लागले, 1845 ला क्लिफ खाण सुरू झाली, पुढे ऑन्टनॉगनकडे मिनेसोटा खाण. कीविनॉचं टोक ते ऑन्टनॉगन, एवढ्या पट्ट्यात जिथे काल झाडं होती तिथे आज खाणीत उतरायचे शाफ्ट, लाकडी बराकी, आणि दारू. कामगारांत इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे खाणवाले बहुतेक मेथडिस्ट, पण जर्मन, आयरिश आणि फ्रेंच कॅनेडियन यांच्यात कॅथलिक भरपूर. त्यांना फादर हवा होता. जवळचा फादर एकच.

बरागापुढे हिशोब असा होता. बिशप लेफेव्हर डेट्रॉइटला, माणसं पाठवायला त्यांच्याकडे माणसं नाहीत. ला पॉइंटला 1845 पासून ऑटो स्कोला हा फादर होता पण तो त्याच्याच कामात गळ्याइतका बुडालेला. खाणींची फेरी म्हणजे आठवडे. एकेका ठिकाणी पोचायचं, कोणाच्या तरी खोलीत मिस्सा, कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकायची, जर्मनांना जर्मनमध्ये, आयरिशांना इंग्रजीत, कॅनेडियनांना फ्रेंचमध्ये प्रवचन, कधी एकाच सकाळी तिन्ही भाषांत, बाळांचे बाप्तिस्मे, थांबून राहिलेली लग्नं, खाणीत मेलेल्यांच्या कबरींवर प्रार्थना, आणि पुढे. या काळात गावातली शाळा कोण घेणार, आजाऱ्याकडे कोण जाणार? कोणी नाही.

त्याने खाणी टाकल्या नाहीत. वर्षातून ठरलेल्या फेऱ्या करत राहिला. मला विचाराल तर यात ओजिब्वे गावावर अन्यायच झाला, कारण ज्या लोकांसाठी तो युरोप सोडून आला आणि ज्यांची भाषा बोलणारा दुसरा पाद्री मिळणं मुश्कील होतं त्यांच्या वाट्याचा वेळ इंग्रजी-जर्मन बोलणाऱ्यांकडे गेला, ज्यांना आज ना उद्या दुसरा कोणीतरी मिळालाच असता. पण दुसरी बाजूही आहे ना. मरताना फादरची वाट बघणाऱ्या आयरिश पोराला "तू माझ्या मिशनमध्ये येत नाहीस" असं कोणता धर्मगुरू सांगेल? चर्चच्या नियमाप्रमाणे ती माणसंही त्याचीच जबाबदारी. बिशपकडून जास्त माणसं मिळेपर्यंत हा पेच सुटण्यासारखा नव्हता आणि दहा वर्षांत तो सुटला नाही.

खाणींमुळे दारूही आली. गावात त्याने लोकांकडून दारू न पिण्याच्या शपथा घेतल्या होत्या, आणि ग्रँड रिव्हरच्या अनुभवानंतर हा विषय त्याच्या फार जिव्हाळ्याचा होता. आसपास खाणकामगारांची दुकानं उभी राहिल्यावर त्या शपथा पाळणं किती जड गेलं असेल ते वेगळं सांगायला नको.

जमीन

आणि इथे कायद्याची पदवी. 1842 च्या करारावेळी सरकारचा माणूस रॉबर्ट स्टुअर्ट याने ओजिब्वेंची समजूत अशी करून दिली होती की तुम्हाला लगेच कोणी हलवत नाही. कागदावर मात्र ते राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीवर होतं. बरागाने मिशनच्या पैशातून गावाची जमीन रीतसर विकत घेऊन ठेवायला सुरुवात केली, म्हणजे उद्या हुकूम निघाला तरी ही खाजगी मालकीची जमीन आहे असं म्हणता यावं. देवाधर्माच्या कामात हे बसतं का? त्याच्या डोक्यात बसत होतं, कारण गाव उठलं तर चर्च कोणासाठी.

1850 च्या फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष टेलरने खरंच हुकूम काढला, ओजिब्वेंना मिसिसिपीच्या पलीकडे हलवा. त्याच वर्षी करारांचे पैसे नेहमीच्या ला पॉइंटऐवजी मिनेसोटातल्या सँडी लेकला देण्याचं ठरवलं, शरदाच्या शेवटी, म्हणजे लोक तिकडे गेले की हिवाळ्यात अडकतील आणि तिकडेच राहतील. पैसे वेळेत आले नाहीत, अन्न सडकं, गोवर आणि हगवण, आणि तिथे आणि परतीच्या वाटेवर मिळून सुमारे चारशे माणसं मेली. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये, गोऱ्यांमध्येसुद्धा, एवढा संताप झाला की हलवाहलव शेवटी बारगळली आणि 30 सप्टेंबर 1854 च्या करारात ओजिब्वेंना त्यांच्या मुलखातच राखीव जमिनी मिळाल्या. लाँसची त्यातलीच एक, आजही आहे.

बरागामुळे गाव वाचलं असं त्याचे भक्त सांगतात. तेवढं श्रेय त्याला देण्याचं कारण नाही. ओजिब्वे प्रमुखांनी स्वतः वॉशिंग्टनपर्यंत धडका मारल्या, खाडीपलीकडच्या मेथडिस्टांचीही जमीन होती, आणि खाणवाल्यांना मासे, लाकूड आणि मजूर पुरवणारी ही माणसं तिथेच हवी होती. पण हातात खरेदीखत असणाऱ्या गावाला उठवणं अवघड असतं, आणि हे त्याला हुकूम निघायच्या कितीतरी आधी उमगलं होतं.

याच माणसाने त्याच लोकांना सांगितलं की मिडेविविन सोडा. मिडेविविन म्हणजे त्यांच्या वैद्यांची आणि उपासकांची परंपरा, औषधं, गाणी, दीक्षा सगळं आलं त्यात. कॅथलिक व्हायचं तर ते टाकायचं, तडजोड नाही. भाषेची एवढी कदर करणाऱ्याला त्या भाषेत गायली जाणारी ती गाणी ठेवावीशी वाटली नाहीत. काहींनी खुशीने सोडलं, काहींनी नाही सोडलं आणि त्याला उभंही केलं नाही, आणि त्याच्या पत्रांत ही न येणारी माणसं अडथळा म्हणून तेवढी दिसतात. त्यांचं म्हणणं काय होतं ते त्याने लिहून ठेवलं असतं तर त्याच्या शब्दकोशाइतकंच ते आज मोलाचं ठरलं असतं.

पुढे काय झालं

1 नोव्हेंबर 1853 ला सिनसिनाटीत त्याला बिशप केलं, सगळ्या वरच्या मिशिगनसाठी. पहिलं काम काय, तर युरोपात जाऊन पैसे आणि पाद्री मागणं, 1854 च्या उन्हाळ्यापर्यंत तेच. 1855 ला सू सेंट मरीचा कालवा उघडला, धबधब्याला वळसा घालून बोटी थेट सुपीरियरात यायला लागल्या, खाणी अजून वाढल्या, आणि बिशप होऊनही त्याचं हिवाळी चालणं काही थांबलं नाही, उलट अंतरं वाढली. 1866 मध्ये बाल्टिमोरच्या बिशपांच्या सभेत पक्षाघाताचा झटका आला, तिथे ठेवून घ्यायला लोक तयार होते तरी हट्टाने मार्क्वेटला परत आला आणि 19 जानेवारी 1868 ला गेला. त्याला संत म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया चालू आहे, 2012 मध्ये व्हॅटिकनने "आदरणीय" या पायरीपर्यंत आणलं.

लाँसचं काय? 1855 मध्ये एडवर्ड जॅकर नावाच्या तरुण जर्मनाला बरागाने धर्मगुरू केलं आणि तिथे पाठवलं. जॅकरला ओजिब्वे शिकायचं होतं, आणि बरागाला 1831 मध्ये मिळाली नव्हती ती सोय त्याला मिळाली, छापील व्याकरण आणि शब्दकोश. तो भाषा चांगलीच शिकला, त्या लोकांबद्दल लिहू लागला, आणि पुढे 1877 मध्ये सेंट इग्नेसला सतराव्या शतकातल्या फादर मार्क्वेट या फ्रेंच मिशनरीची कबर शोधण्यात त्याचाच हात होता. खाणींच्या फेऱ्यांसाठी मात्र त्यालाही दुसरा माणूस सहजासहजी मिळाला नाही.